मोरचूद टाकल्यापासून शेततळ्यातले मासे खाद्याच्या पोत्याकडे फिरकत नाहीत. वास कळेनासा झाला असेल का?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. उन्हाळ्यात बागेला पाणी पुरावं म्हणून प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं शेततळं केलंय, भरलं की साधारण २० लाख लिटर. त्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडलेत. मुख्य धंदा द्राक्षाचाच, पण माशांनी घरखर्चाला चांगला हातभार लावलाय, त्यामुळे जीव गुंतलाय त्यांच्यात.

यंदा उन्हं तापायला लागल्यावर पाणी हिरवंगार झालं आणि ठिबकचे फिल्टर सारखे चोंदायला लागले. शेवाळ मारायला २ किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, विरघळवून तळ्यावर सगळीकडे सारखं शिंपडलं. पाण्याची एकूण क्षारता (अल्कलिनिटी) १६० आहे. क्षारतेला १०० ने भागायचं आणि येईल तेवढे ग्रॅम हजार लिटरला टाकायचे, असा हिशेब सगळेच सांगतात. त्या हिशेबाने ३ किलोच्या वर चाललं असतं, मी कमीच टाकलं.

शेवाळ गेलं. मासा एकही मेला नाही. पण खाणं बिघडलं.

आम्ही शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून पोत्यात भरतो, पोत्याला खालून भोकं पाडतो आणि बांबूला बांधून पाण्यात सोडतो. आधी पोतं बुडालं की थोड्याच वेळात बांबू हलायला लागायचा, दुपारपर्यंत पोतं रिकामं. आता संध्याकाळी ओढून काढलं तर तसंच भरलेलं, वर आंबूस वास. गंमत अशी की तरंगतं खाद्य फेकलं तर कटला लगेच वर येऊन खातो. म्हणजे भूक आहे. रोहू आणि मृगळ मात्र पोत्याजवळून जातात आणि थांबत नाहीत. पाणी बऱ्यापैकी नितळ झाल्याने हे मी काठावरून डोळ्यांनी पाहिलंय.

पाण्याचा सामू (पीएच) ८.१. पहाटे किटवर प्राणवायू ५ दाखवतो, रात्रभर एरेटर चालू असतो. मासे तोंड वर काढून येत नाहीत. अंगावर डाग नाहीत, खवले ठीक आहेत.

भाचा कृषी महाविद्यालयात आहे, तो म्हणाला, ‘मामा, तांब्याने माशाचं नाक जातं असं कुठेतरी वाचलंय.’ हे खरं आहे का? आणि खरं असेल तर नाक परत येतं का?


रानवाटा

पहिला संशय मेलेल्या शेवाळावर घ्या. एवढं शेवाळ एकदम मेलं की ते तळाशी कुजतं आणि कुजताना प्राणवायू खातं. तुमचं किट वरच्या पाण्यात बुडवलेलं असणार. तळाशी मोजलंत का? मृगळ तळाचा मासा, त्याला त्रास आधी होणार. बाटलीला वजन बांधून तळाचं पाणी काढा आणि पुन्हा तपासा.


गोदाकाठ

आम्ही भोई. आजोबा गळाच्या कणकेत हिंग कालवायचे, पेंड तव्यावर थोडी भाजून घ्यायचे. मासा वासावर येतो हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. गढूळ पुरात हाताला हात दिसत नाही तिथेही मासा कणीक हुडकतो. पण वास घेण्याची ताकदच जाते, हे पहिल्यांदा ऐकतोय. कुणी जाणकाराने नीट सांगा.


शर्वरी_इसाक्वा

द्राक्षबाग, तुमचा भाचा बरोबर सांगतोय. मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि आता अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ओढ्यानद्यांचं पाणी तपासण्याचं काम करते. तांबं आणि माशाचं नाक हा इथे रोजच्या कामाचा विषय आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक करा. पुढच्या वेळी रोहू हातात आला की डोळ्याच्या पुढे बघा. दोन्ही बाजूंना एकेक नाकपुडी, आणि प्रत्येकीत दोन भोकं, मध्ये कातडीचा छोटा पडदा. मासा पुढे सरकला की पुढच्या भोकातून पाणी आत जातं आणि मागच्या भोकातून बाहेर पडतं. हे नाक घशाला जोडलेलं नसतं, श्वासाशी त्याचा काही संबंध नाही. ते फक्त वासासाठी. बाजारात मासा साफ करून देणाऱ्याकडून एखादं मोठं डोकं मागून घ्या आणि तो पडदा ब्लेडने अलगद कापा. आत गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या बारीक घड्या एकावर एक रचलेल्या दिसतील. वास ओळखणाऱ्या चेतापेशी त्या घड्यांवर बसलेल्या असतात. वर फक्त चिकट स्रावाचा पातळ थर, बाकी पेशीचं टोक पाण्यात उघडं, आणि तिचंच दुसरं टोक सरळ मेंदूत. शरीरातल्या बाकी चेतापेशी कातडी, मांस, हाड यांच्या आड असतात. ही एकटी बाहेर असते. पाण्यात जे असेल ते आधी तिला लागतं.

तांब्याचा विरघळलेला कण या पेशीपर्यंत पोचला की पेशीच्या भिंतीतले सोडियम, कॅल्शियमच्या ये-जा करण्याचे मार्ग अडतात. वासाचा रेणू येऊन लागतो, पण मेंदूकडे संदेश जात नाही. मात्रा वाढली तर पेशीच्या टोकावरचे केस झडतात, त्याहून वाढली तर पेशी मरते.

आता मात्रा किती, ते बघा, कारण खरा मुद्दा तिथे आहे. सिएटलच्या शासकीय मत्स्य संशोधन केंद्रात कोहो सॅमनच्या पिल्लांवर काम झालं, ते २००३ साली प्रसिद्ध झालं. माशाला भूल देतात, कल्ल्यांवर पाणी चालू ठेवतात आणि नाकातल्या त्या घड्यांपाशी बारीक इलेक्ट्रोड टेकवतात. मग नाकात पाण्याबरोबर वासाचा झोत सोडतात, उदाहरणार्थ एल-सेरीन नावाचं अमिनो आम्ल. धडधाकट माशात यंत्राच्या पडद्यावरची रेघ झटकन घसरते आणि सावरते. तांबं दिलेल्या माशात ती जेमतेम हलते. त्या पाण्यात मुळातच लिटरला सुमारे ३ मायक्रोग्रॅम तांबं होतं. त्यावर आणखी २.३ ते ३ मायक्रोग्रॅम चढलं की वासाला मिळणारा प्रतिसाद २५ टक्क्यांनी उतरला. आणि यासाठी महिने लागले नाहीत, मिनिटं पुरली.

भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं स्वीकारार्ह धरतात. म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. तुम्हीआम्ही निर्धास्त प्यावं अशा पाण्यात सॅमनच्या पिल्लाचं नाक बंद पडू शकतं.

आता तुमचा हिशेब. मोरचूदात वजनाने साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. २ किलोत ५०० ग्रॅम. २० लाख लिटरमध्ये ते सारखं पसरलं तर लिटरला २५० मायक्रोग्रॅम. शिंपडल्याच्या दिवशी तुमच्या माशांच्या नाकातून हे पाणी गेलंय. पुढे त्यातलं बरंच तांबं शेवाळाला चिकटून आणि पाण्यातल्या कार्बोनेटशी जुळून खाली बसतं, हे खरं. पण तळाला माती असती तर तिने ते ओढून धरलं असतं. तुमच्या तळ्याला प्लास्टिक आहे. त्यावर जो काय गाळ साचला असेल तेवढाच आधार.

क्षारतेला १०० ने भागण्याचा नियम चुकीचा नाही, पण तो कशासाठी आहे ते लक्षात घ्या. मासा मरू नये यासाठी. जड आणि क्षारयुक्त पाण्यात तांबं कल्ल्यांवर कमी चिकटतं, म्हणून मासा वाचतो. नाकाला या जडपणाचा असा आसरा मिळत नाही. सिएटलच्या प्रयोगात पाण्याचा जडपणा वाढवूनही नाकावरचा परिणाम बदलला नाही. नाकाला खरा आसरा मिळतो तो पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा, म्हणजे पालापाचोळा कुजून येतं त्याचा. नदीनाल्यांत ते असतं. कालव्यातून आणून अस्तरावर साठवलेल्या पाण्यात ते कमीच असणार. मासा मेला नाही हे बघून आपण पाणी चांगलं आहे असं धरतो, आणि तिथेच फसगत होते. मेलेला मासा तरंगतो म्हणून दिसतो. नाक गेलेला मासा इतरांसारखाच पोहत असतो.

गोदाकाठ, तुमच्या आजोबांचं हिंग अगदी बरोबर. पण माशाला वास फक्त खाण्यासाठी लागत नाही. १९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांना एक गोष्ट दिसली. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल १९७३ साली ज्यांना नोबेल मिळालं तेच हे. मिनो नावाच्या छोट्या माशांच्या थव्यात त्यांनी एक जखमी मासा सोडला, तर बाकीचे घाबरून पांगले. फाटलेल्या कातडीतून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याचा वास त्यांना लागला होता. मिनो, रोहू, कटला, मृगळ, मागूर, शिंगाडा हे सगळे एकाच मोठ्या कुळातले आणि हा धोक्याचा वास त्या कुळाची खास ओळख. सॅमन, ट्राउट यांच्यातही असंच काही आहे.

कोहोच्या पिल्लांच्या टाकीत त्यांच्याच जातीच्या कातडीचा अर्क सोडला की ती हालचाल थांबवतात, निपचित होतात. शिकाऱ्याच्या नजरेतून सुटायचा तोच उपाय. ३ तास लिटरला २ मायक्रोग्रॅमइतक्या तांब्यात ठेवलेल्या पिल्लांत हे थांबणं कमी झालं, आणि मात्रा वाढवत नेली तशी ती अर्क सोडूनही पोहतच राहिली. पुढे २०१२ मध्ये अशा पिल्लांच्या टाकीत खरा शिकारी सोडून बघितला, कटथ्रोट ट्राउट. तांबं मिळालेली पिल्लं त्याला लवकर सापडली. मला हा प्रयोग सगळ्यात जास्त लागला. त्या पिल्लांना तांब्याने मारलं नाही, त्यांना धोका कळू दिला नाही. आणि अशा मरणाची कुठल्याही तपासणीच्या अहवालात नोंद होत नाही.

सॅमनच्या बाबतीत आणखी एक आहे. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो. विस्कॉन्सिनचे आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी यांनी १९५१ साली मांडलं की प्रत्येक ओढ्याला तिथल्या माती आणि झाडोऱ्याचा वास असतो आणि लहानपणी नाकात बसलेल्या त्या वासावर मासा घर शोधतो. पुढे मिशिगन सरोवरात पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या रसायनाच्या वासाची सवय लावली, मोठी झाल्यावर ते ज्या ओढ्यात टाकलं तिथे ती आली. आमच्या गावातून असा एक ओढा वाहतो. सप्टेंबरपासून त्यात हातभर लांबीचे सॅमन उलट्या प्रवाहात चढतात, शाळेची मुलं पुलावर ओळीने उभी असतात. त्याच ओढ्यात पावसाबरोबर रस्त्याचं पाणी उतरतं आणि त्यात गाड्यांच्या ब्रेकच्या पॅडमधून झडलेली तांब्याची भुकटी असते. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांनी २०१० साली ब्रेकच्या पॅडमधल्या तांब्यावर कायदा केला. २०२१ पासून ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि २०२५ पासूनची मर्यादा अर्धा टक्का. माशाच्या नाकासाठी गाड्यांचे ब्रेक बदलायला लावले, याचा मला या राज्यात राहून अभिमान वाटतो.

आता नाक परत येतं का. येतं, बऱ्याच वेळा. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात सडबरी आहे, निकेल आणि तांब्याच्या खाणींचं गाव. तिथे १९७२ साली ३८१ मीटर उंचीचं धुराडं बांधलं होतं, यावरून कारखान्यांच्या आकाराची कल्पना करा. आसपासच्या तळ्यांत अनेक दशकं धातू उतरले. त्या तळ्यांतल्या पिवळ्या पर्च माशांना वास नीट कळत नव्हता. तेच मासे स्वच्छ पाण्यात ठेवले तर २४ तासांत त्यांचं नाक काम करायला लागलं. आणि स्वच्छ तळ्यातला मासा त्या पाण्यात नेला तर त्याचं नाक तितक्याच वेळात मंदावलं. म्हणजे पेशी जिवंत असतील तर पाणी बदलल्यावर लवकर सुधारणा दिसते. पेशी मेल्या असतील तर खालच्या थरातून नव्या उगवाव्या लागतात, त्याला काही आठवडे जातात.

पण अंड्यात असतानाच तांबं मिळालं तर गोष्ट वेगळी. फॅटहेड मिनो, म्हणजे तुमच्या रोहूचाच नातलग, याची अंडी तांब्याच्या पाण्यात ठेवली आणि पिल्लं बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्यात वाढवली. तरीही पुढे त्यांना धोक्याचा वास ओळखता आला नाही. म्हणून बीज किंवा बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायच्या आधी तळ्यात मोरचूद टाकू नका, हे मी हात जोडून सांगते.

रानवाटा यांचा मुद्दा मात्र आधी निकालात काढा. तळाचा प्राणवायू मोजल्याशिवाय सगळा दोष नाकावर टाकू नका. तो ठीक निघाला तर एक सोपी चाचणी करा. दोन सारखी पोती घ्या, एकात नेहमीची पेंड, दुसऱ्यात धुतलेली वाळू. तळ्याच्या दोन कोपऱ्यांत सोडा आणि काठावर न हलता बसून बघा. नाक शाबूत असेल तर पेंडीकडे मासे जमतील. दोन्हीकडे सारखेच येत-जात असतील तर त्यांना फरक कळत नाहीये. दुसऱ्या दिवशी कोपरे उलटे करा, म्हणजे सवयीचा कोपरा म्हणून येतात की वासावर येतात हे कळेल. कटला तरंगत्या खाद्याला येतो कारण ते त्याला दिसतं आणि पाण्यावर पडल्याचं जाणवतं. त्याला तिथे नाकाची गरज नाही. तुमचं हे निरीक्षण फार मोलाचं आहे.


खाडीकाठ

शर्वरीताई, माहितीबद्दल आभार. आमच्याकडे दाभोळ खाडीत होड्यांच्या बुडाला तांब्याचा रंग लावतात, शिंपले चिकटू नयेत म्हणून. मग खाडीतल्या माशांची नाकंही गेली म्हणायची का? आणि तांब्याशिवाय बाकीच्या धातूंचं काय?


शर्वरी_इसाक्वा

खाडीकाठ, खाऱ्या पाण्यात चित्र बदलतं. कोहोची पिल्लं समुद्राच्या पाण्यात ठेवून तांबं दिलं, लिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत, तरी त्यांच्या नाकावर गोड्या पाण्यासारखा परिणाम दिसला नाही. खाडीत भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा बदलतो, त्यामुळे दाभोळच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात गोडं पाणी उतरतं तेव्हा काळजी जास्त आणि एरवी कमी, असं मी म्हणेन. होड्यांच्या रंगाचा त्रास शिंपले, तिसऱ्या आणि त्यांच्या पिल्लांना मात्र होतो, तो विषय वेगळा.

बाकीच्या धातूंत कॅडमियम फार वाईट. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये रेनबो ट्राउटची पिल्लं ७ दिवस लिटरला फक्त २ मायक्रोग्रॅम कॅडमियममध्ये ठेवली, तर धोक्याच्या वासाला ती जे वागतात ते वागणंच बंद झालं. त्याच माशांना खाद्यातून कॅडमियम दिलं तेव्हा असं झालं नाही. पाण्यातून आलेला धातू सरळ नाकातल्या पेशींत साठला, म्हणून. पारा आणि मँगनीज तर नाकाच्या चेतातंतूवरून पुढे मेंदूत शिरतात. आपल्या शरीरात रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी आहे तशी माशातही आहे, पण नाकाच्या वाटेवर ती आड येत नाही.

निकेलही आहेच. फॅटहेड मिनोवरच्या कामात असं दिसलं की कमी मात्रेत तांबं आणि निकेल नाकातल्या वेगवेगळ्या जातीच्या पेशींवर जातात. त्यामुळे एका धातूने धोक्याचा वास आधी जाईल, दुसऱ्याने खाण्याचा. मुलामा देण्याच्या कारखान्यांचं सांडपाणी जिथे नाल्यात येतं तिथे हे धातू एकत्रच असतात. तिथे मासे मेलेत का एवढंच बघून भागणार नाही, त्यांचं वागणं बघायला हवं, आणि ते बघायला गोदाकाठ यांच्यासारखी माणसं लागतील.


द्राक्षबाग_निफाड

ताई, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. तळाचं पाणी बाटलीने काढून मोजलं, पहाटे प्राणवायू ४ च्या वरच आहे. रानवाटा, आभार, ते तपासायलाच हवं होतं.

पोत्यांची चाचणी भाच्याने आणि मी मिळून केली. वाळूच्या आणि पेंडीच्या पोत्याजवळ मासे जवळपास सारखेच आले. एक मोठा मृगळ पेंडीच्या पोत्याला घासून गेला, तिथे पेंड पाण्यात सांडत होती, तो चरला नाही. कोपरे बदलले तरी तेच. आधी या पोत्यावर झुंबड उडायची हो, बघून वाईट वाटलं.

आता विचारायचं असं. पाणी बदलायचं तर किती? शेणकाला टाकला तर तुम्ही म्हणता ते सेंद्रिय द्रव्य वाढेल का? हे मासे खायला, विकायला चालतील का? आणि बागेत आम्ही मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतो, त्याचं काय?


शर्वरी_इसाक्वा

शेणकाला आत्ता अजिबात टाकू नका. तांबं तो धरेल, पण मेलेल्या शेवाळाचं कुजणं अजून चालू आहे, त्यात शेणाची भर पडली तर एखाद्या पहाटे प्राणवायू संपेल आणि सगळं तळं हातचं जाईल.

पाणी बदला, तेही तळातून उपसून. तांबं जे खाली बसलंय ते आधी बाहेर जाऊ द्या. ठिबकला तळ्याचंच पाणी लागतं ना, तर उपसा तळाकडून करा आणि कालव्याचं पाणी वरून घ्या. एकदा तिसरा हिस्सा बदलला म्हणून काम झालं असं समजू नका. समजा पाण्यात विरघळलेलं तांबं २० मायक्रोग्रॅम उरलंय, तर एका बदलात ते १३ होईल, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ६. हळूहळू, पण होईल. तोवर पोतं बंद ठेवा. भरलेलं पोतं पाण्यात आंबवण्यात अर्थ नाही. तरंगतं खाद्य थोडं थोडं, रोज एकाच जागी आणि एकाच वेळी टाका. दिसेल ते मासे खातील. रोहूही शिकेल.

मासे खायला हरकत नाही. तांबं मुख्यतः यकृतात साठतं, मांसात फार कमी. साफ करताना पोटातलं सगळं टाकून द्या. गिऱ्हाईकालाही तेच सांगा.

बोर्डोबद्दल. द्राक्षाच्या डाऊनी रोगावर ते फ्रान्समधल्या बोर्डो भागातच १८८५ च्या सुमारास पुढे आलं आणि द्राक्षाला वाचवलं, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. आकडा मात्र बघा. १ टक्का बोर्डोची ६०० लिटरची टाकी म्हणजे ६ किलो मोरचूद, म्हणजे दीड किलो तांबं. दीड किलो तांबं ५० कोटी लिटर पाण्यात लिटरला ३ मायक्रोग्रॅम भरतं. तुमच्या आकाराची अडीचशे शेततळी झाली. टाकीतलं बहुतेक सगळं पानावर आणि मातीत अडकतं, माती ते घट्ट धरते. पण फवारणीच्या ब्लोअरची टाकी तळ्याच्या बांधावर धुतली तर ते धुवण धरायला मध्ये कुणी नाही. टाकी बागेतच, ओळीच्या मातीवर धुवा. तळ्याच्या बाजूच्या ओळी फवारताना वारा तळ्याकडे असेल तर थांबा. बागेतून वाहून येणारं पावसाचं पाणी तळ्यात शिरू नये म्हणून बांध थोडा उचलून घ्या.

शेवाळ पुन्हा येणार, उन्हाळा आहे. लांब तंतूंचं असेल तर दोघांनी दोन काठांवरून जाळी ओढून काढा, कष्टाचं आहे पण तांब्याशिवाय होतं. पाणी हिरवं करणारं बारीक शेवाळ असेल तर पुढच्या खेपेला बोटुकली घेताना थोडे चंदेऱ्या मासे घ्या, ते हेच गाळून खातात. ठिबकसाठी वाळूचा फिल्टर लावलात तर मुळातली अडचणच कमी होईल.


गोदाकाठ

शर्वरीताई, आमच्या आळीत तुमचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या वस्तीच्या वर एक नाला नदीला मिळतो. त्याच्या खालच्या डोहात कणकेला मासा धरत नाही, वरच्या डोहात धरतो. आम्ही म्हणायचो, खालचा डोह रुसलाय. आता पाणी तपासून घ्यावं म्हणतो. काय सांगू प्रयोगशाळेला?


द्राक्षबाग_निफाड

गोदाकाठ, मलाही तेच विचारायचं होतं. मी दुकानदाराला विचारलं तर त्याने सांगितलं, तांबं तपासून ‘बीडीएल’ आलं की पाणी चांगलं.


शर्वरी_इसाक्वा

दोघांनाही एकच उत्तर.

‘बीडीएल’ म्हणजे त्या यंत्राला मोजता येईल त्याच्या खाली. यंत्राची मर्यादाच ५० मायक्रोग्रॅम असेल तर ४० असलं तरी अहवालात बीडीएलच येणार, आणि माशाचं नाक त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. म्हणून नमुना देण्याआधी विचारा की तांब्यासाठी तुमची मोजण्याची मर्यादा किती. लिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत जाणारी प्रयोगशाळा हवी. आयसीपी-एमएस यंत्र आहे का, असं विचारलंत तर लगेच कळेल.

नमुना दोन भागांत मागा, एकूण तांबं आणि विरघळलेलं तांबं. विरघळलेल्यासाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल घालतात. आम्ल आधी घातलं तर गाळातलं तांबंही सुटतं आणि आकडा फसवतो. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरची नको. सोबत विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजायला सांगा, कारण तो कळल्याशिवाय तांब्याच्या आकड्यावरून नाकाचा अंदाज करता येत नाही.

गोदाकाठ, तुम्ही नमुने वरच्या आणि खालच्या दोन्ही डोहांतले घ्या, एकाच दिवशी, आणि नाल्याच्या तोंडाशी तिसरा. तांब्याबरोबर निकेल, कॅडमियम आणि जस्तही लिहा. कुठल्या डोहात गळाला काय लावलं आणि काय आलं, हे आळीतल्या सगळ्यांकडून एका वहीत लिहून ठेवा, अहवाल येईपर्यंत रोज. अहवाल आले की इथेच टाका, आपण आकडे आणि वही शेजारी ठेवून वाचू.